एकादशीचा मासा

"आईला यातलं काय बी कळता कामा न्हाय," अविराज म्हणत होता.

"मग तूच सांगून टाक की. किती दिवस लपवायचं? मला न्हाय बरं वाटत," उत्कर्षा म्हणाली.

"मशीनच्या मागं कोण बघाय जातंय? चाललंय तवर चालू दे."

"आणि एक दिवस उघडं पडलं म्हंजे? बोल कुणाला लागणार? मलाच न्हवं का?"

"तू आधी दार लाव."

दार लागलं. दाराच्या अलीकडं जयवंताआक्का मिरच्यांचं सूप हातात धरून उभी होती. मिरच्या निवडायला ती अंगणात बसली होती, पण ऊन फिरलं, आक्का सावली धरत धरत सरकत गेली, आणि सावली नेमकी लेकाच्या खोलीपाशी येऊन थांबली. त्यात आक्काचा काय दोष? लेक-सुनेचं भांडण ऐकायची आपल्याला सवय न्हाय, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. सवय नव्हती तरी शब्द न् शब्द मात्र मरेपर्यंत पाठ होता.

बारामती तालुक्यातल्या सांगवीत हे घर. ऊस, दोन म्हशी, आणि घरात सगळ्यांच्या वर आक्का. नवरा जोतीराम गरीब गायीसारखा. आक्कानं गळ्यात तुळशीची माळ घातली त्याच दिवशी दुसरी त्याच्याही गळ्यात घातली, विचारलंबिचारलं नाही. त्यालाही कुणी विचारायची सवय नव्हतीच.

अशा माळकरी घरात सून आली ती डाळजची. सोयरीक जमली तेव्हाच भावकीतल्या बाया म्हणाल्या, "डाळज? म्हंजे धरणाकडची की गं!" उजनीचं पाणी तिथं दाराशी, भिगवण शेजारी, आणि भिगवणात मासा भाजीपाल्यासारखा विकला जातो. पण उत्कर्षा मोठी समजूतदार. माहेरचा उंबरा ओलांडला आणि मासा तिकडंच ठेवून आली. कधी नावसुद्धा काढलं नाही. आक्का शेजारच्या विमलला म्हणायची, "पोरगी गुणाची हाय, पण धरणाकडची हाय." विमल भिंतीपलीकडून मान डोलवायची.

दिवाळीच्या पाडव्याला अविराजनं वॉशिंग मशीन आणली. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, बोनस झालेला, मशीनही आणली ती साधीसुधी नाही, आतल्या आत पाणी तापवणारी. बसवायला वायरमन इंद्रजित आला. मशीनचा प्लग जाड पिनांचा, मोरीतला बोर्ड बारीक भोकांचा. इंद्रजित म्हणाला, "आक्का, हिला मोठा पॉइंट लागंल. मीटरपासनं जाड वायर आणतो. मधी तेवढं देवघराच्या भिंतीला भोक पाडाय लागंल."

"माझ्या देवांच्या पाठीत ड्रिल घालतोस?" आक्का म्हणाली. "मी जिती असंस्तोवर न्हाय."

इंद्रजितनं वायर गुंडाळली, पिशवी उचलली आणि चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी मशीन चालू. कशी चालू, ते आक्कानं विचारलं नाही. देवाच्या मनात असलं म्हणजे वायरमन लागत नाही, एवढं तिनं विमलला सांगितलं.

देवाचं यात काही नव्हतं. अविराजनं बारामतीतून एक जोडप्लग आणला होता, जाड पिना बारीक भोकांत बसवून देणारा, आणि मशीनच्या मागं कुणाला दिसू नये असा लावून टाकला होता. उत्कर्षाला ते पटत नव्हतं. खोलीतलं भांडण ते एवढंच होतं. आक्काला मात्र त्या भांडणातलं "मशीनच्या मागं" तेवढं घट्ट चिकटलं.

आता आक्काचा नेम ऐका. रोजची धुणी उत्कर्षा लावायची, साध्या पाण्यात. पण एकादशीला देवांची वस्त्रं, जोतीरामाचं पांढरं धोतर आणि आक्काचं स्वतःचं लुगडं, एवढंच वेगळं धुवायचं, त्यात कुणाची पँट शिरता कामा नये, आणि पाणी कडकडीत पाहिजे. मशीनचं एकच बटण आक्काला येत होतं. गरमचं. ते ती एकादशीला स्वतःच्या बोटानं दाबायची आणि देवघरात जपाला बसायची.

भांडण ऐकल्याला चारच दिवस झाले आणि एकादशी आली. आक्का जपाला बसली. पाऊण माळ झाली असेल नसेल, आणि वास आला. माशाचा.

आक्कानं माळ घालायच्या आधी मासा खाल्लेला होता, आणि चवीनं खाल्लेला होता, त्यामुळं तिच्या नाकाची चूक व्हायचं कारण नव्हतं. ती तडक चुलीपाशी गेली. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. झाकण उचलून आमटीत पळी फिरवली. शेंगदाणेच. जोतीराम ओसरीवर पेपर धरून बसला होता.

"अवं, वास येतोय का?"

"कसला?"

"माशाचा."

जोतीरामानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. "येतोय की गं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असं काही सुख आलं की आक्कानं त्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वास नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पंधरा दिवस घर तुळशीसारखं निर्मळ. आणि पुढच्या एकादशीला, बरोबर जपाच्या वेळेला, पुन्हा मासा. आक्का हादरली. मासा करणं एक, पण तिथी बघून करणं म्हणजे काय!

तिनं भिंतीवरून विमलला हाक मारून तिचं मांजर मागवलं. मांजर घरभर शेपूट वर करून हिंडलं, स्वयंपाकघराकडं ढुंकूनही बघितलं नाही, मोरीत गेलं, मशीनवर चढलं, ऊब लागली तसं अंग मुडपून झोपलं.

"आक्का, माणूस खोटं बोलंल, मांजर न्हाय बोलत," विमल म्हणाली.

जोतीरामाला बॅटरी देऊन मशीनमागं पालथा घातला. तिथं खाली फरशीवर त्याला एक मोजा, तीन चिमटे आणि दिवाळीपासून हरवलेला त्याचाच चष्मा सापडला. चष्म्यामुळं तो एवढा खूश झाला की मासा विसरला. आक्कानं मग तांब्यात गोमूत्र घेतलं आणि दर्भानं सगळीकडं शिंपडलं, मशीनवर, भिंतीवर, बोर्डावर. बोर्डापाशी चर्रर्र असा आवाज झाला. बाधा निघाली, असं आक्काला वाटलं.

संध्याकाळी अविराज कामावरून आला तसा तिनं त्याला ओसरीवरच धरला.

"मशीनच्या मागं काय चाललंय मला ठाव हाय."

अविराजचा चेहरा पडला. त्याला वाटलं, जोडप्लग सापडला. "तुला कुणी सांगितलं?"

"नाकानं सांगितलं. कधीपासनं चाललंय हे?"

"पाडव्यापासनं."

"आणि आणलं कुठनं?"

"बारामतीतनं."

"बारामतीत मिळतं?"

"कुठं बी मिळतं आई. गावात निम्म्या घरात हाय."

"माळकऱ्यांच्या बी?"

"त्याला माळ काय करती?" अविराज म्हणाला.

आक्कानं गळ्यातली माळ पदराखाली झाकली. आता दोघं दोन गोष्टींवर बोलत होती, पण दोघांचं इतकं बरोबर जुळत होतं की दुरुस्त करायला जागाच नव्हती. उत्कर्षा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा आक्का म्हणाली, "तुमच्या डाळजला एकादशीला काय करत्यात गं?"

"साबुदाण्याची खिचडी, आत्या."

"मासा घालून?"

उत्कर्षाला आधी हसू आलं. मग तिनं आत्याचं तोंड बघितलं आणि हसू तिथंच थिजलं. तिनं देवाची, आईची, म्हशीच्या वासराची, सगळ्यांची शपथ घेतली. अविराज मधेच म्हणाला, "आई, मासा कुठनं आला आता?" पण ते कुणी ऐकलं नाही. आक्कानं निकाल दिला: पुढच्या एकादशीला व्याह्यांना बोलवा. वास आला तर त्यांनी आपली लेक घेऊन जायचं. नाही आला तर आक्का तोंडातून शब्द काढणार नाही. उत्कर्षाचं नांदणं त्या दिवसापासून एका वासावर येऊन टांगलं.

उत्कर्षाचे वडील सर्जेराव आले. हातात केळीचा घड, उपवासाचा म्हणून. सरळ माणूस, जन्म धरणाकाठी गेलेला. आक्कानं त्यांना मोरीत पाट मांडून दिला, मशीनीत धोतर-लुगडं टाकलं, बटण दाबलं. सगळी मशीनकडं तोंड करून बसली, कीर्तनाला बसावं तशी. वीस मिनिटं गेली. मग वास आला.

सर्जेरावांनी डोळे मिटले. नाक डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं.

"चिलापी न्हाय," ते म्हणाले. "चिलापीला चिखलाचा वास असतोय. मरळ बी न्हाय. कटला... कटला शिळा झाला तर असा... न्हाय, कटला बी न्हाय."

"वाम?" जोतीरामानं विचारलं.

"तुमाला वाम कसा ठाव?" आक्का गरकन वळली.

"ऐकून," जोतीराम म्हणाला.

लेकीचा जीव वडिलांच्या तोंडाकडं लागला होता. कसलाच वास नाही, एवढं एक खोटं सर्जेराव बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण माशाच्या बाबतीत हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नव्हता.

"इनबाई," ते म्हणाले, "मासा हाय, हे खरं. पण हा मासा आमच्या धरणातला न्हाय."

"आप्पा!" उत्कर्षा ओरडली.

"मग कुठल्या धरणातला हाय ते तिलाच इचारा, आणि न्या," आक्का म्हणाली.

उत्कर्षा उठली. पिशवी भरली. अविराज "मी बी येतो" म्हणत होता, त्याला तिनं डोळ्यानंच बसवलं. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "आत्या, मशीनीत धोतर वलं पडलंय. काढून वाळत घाला, न्हायतर वास यील." आणि बापाच्या मोटारसायकलवर बसून गेली.

पंधरा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. अविराज जेवायला बारामतीतच थांबायचा. आक्कानं सगळं घर धुऊन काढलं, तांदळाच्या कणगीत हात घालून बघितला, आणि एकादशीच्या सकाळी स्वयंपाकघराला कुलूप घालून किल्ली कंबरेला लावली. जोतीराम उसाला पाणी द्यायला गेला. घरात ती एकटी. तिनं धोतर-लुगडं टाकलं, बटण दाबलं, आणि समाधानानं जपाला बसली.

पाऊण माळ झाली आणि वास आला.

आक्का तशीच बसून राहिली. मासा तर आहे. मग केला कुणी? स्वयंपाकघराला कुलूप. सून डाळजला. लेक कामावर. नवरा शिवारात. आक्कानं बोटांवर मोजलं: घरात माणूस एक. तिनं स्वतःचे हात हुंगले. मग आरशापुढं जाऊन तोंड उघडून बघितलं. आत दात होते, आणि तेही सगळे नव्हते.

मग मात्र ती खाली टेकली आणि रांगत निघाली, डोळे मिटून, नाक पुढं. नाक देवघरातून निघालं, मोरीत आलं, मशीनीपाशी थांबलं, मशीनच्या मागं शिरलं आणि भिंतीवरून वर चढायला लागलं. बोर्डापाशी आलं आणि गालाला झळ लागली. आक्कानं डोळे उघडले. जोडप्लग तपकिरी पडला होता, एका बाजूनं मेणासारखा लोंबत होता. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तिनं हाताचा पालथा पंजा नुसता जवळ नेला आणि झटक्यात मागं घेतला. कोपऱ्यात कपडे बडवायचं लाकडी धोपटणं उभं होतं, मशीन आल्यापासून घरी बसवलेलं. ते उचलून त्याच्या टोकानं तिनं बोर्डाचं बटण पाडलं.

इंद्रजित आला. प्लग बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आक्का, साध्या पाण्याला ही मशीन थोडी वीज घेती. पाणी तापवाय लागली की लई वढती. बारक्या बोर्डाला आन् ह्या जोडप्लगाला ते झेपत न्हाय. तापतं, आतनं जळाय लागतं, आन् ह्याला जळताना माशावाणी वास येतोय. गरम पाणी कवा लावता?"

आक्का पदरानं गरमचं बटण पुसायला लागली.

"रोज लावत असता तर एवढ्यात घर पेटलं असतं. कवा लावता?"

"एकादशीला," आक्का म्हणाली.

"लावतं कोण?"

"मी."

इंद्रजितनं बोर्ड खोलला. "आन् हितं आत पाणी कुणी घातलं?"

"पाणी न्हाय त्ये," आक्का म्हणाली आणि उठून देवघरात गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या ताटात सगळे देव होते. तिनं ते मशीनवर ओळीनं मांडले, बाळकृष्णाच्या कानांवरून टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, "मार भोक."

जाड वायर आली, मोठा पॉइंट बसला. पण आक्काचं खरं काम पुढंच होतं. चाळीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही गेलेले नव्हते. जोतीरामाला ती फार तर "तुमी मला चुकू दिलंत" एवढं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी जळका प्लग रुमालात बांधून ती एसटीत बसली. बारामतीपर्यंत मनात म्हणून बघितलं. बारामतीला गाडी बदलली आणि ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली, "माझं चुकलं. माझं चुकलं." शेजारची बाई म्हणाली, "काय वं मावशी?"

"तुमाला न्हाय," आक्का म्हणाली.

भिगवणला गाडी थांबली तसा खिडकीतून खऱ्या माशाचा वास आला. आक्कानं रुमाल सोडला. एकदा खिडकी हुंगली, एकदा प्लग हुंगला. पुन्हा खिडकी, पुन्हा प्लग. फरक होता. बारीक होता, पण होता. तो कळायला तिला एसटीनं भिगवणपर्यंत यावं लागलं.

डाळजला सर्जेराव अंगणात दाव्याला पीळ घालत बसले होते. आक्कानं त्यांच्यापुढं रुमाल उलगडला.

"पाव्हणं, हा घ्या तुमचा मासा."

सर्जेरावांनी प्लग उचलला, हुंगला, आणि त्यांचा चेहरा फुलला. "हाच! हाच त्यो! म्हणलं न्हवतं का, आमच्या धरणातला न्हाय म्हणून!"

उत्कर्षा दारात उभी होती. आक्का तिच्याकडं न बघता म्हणाली, "भिंतीला भोक पाडलं."

"कुठल्या?"

"देवघराच्या."

"आणि?" उत्कर्षा म्हणाली.

आक्कानं तोंड उघडलं. मिटलं. शेजारपाजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आणि माझं चुकलं!" आक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाली की दावणीची शेळी उठून उभी राहिली.

उत्कर्षानं आप्पांच्या हातातला प्लग घेऊन उलटापालटा करून बघितला. मग म्हणाली, "येते. पण धुणं लावलं की प्लगाचा ताप तुमी बघायचा. दर बारीला."

"बघीन," आक्का म्हणाली.

आणि बघितला. दर धुण्याला, मशीन लावून वीस मिनिटं झाली की आधी बोर्डाचं बटण बंद, मग हाताचा पालथा पंजा, मग नाक. मग विमलच्या घरचा बघायला लागली. विमलच्या घरी मशीन, फ्रिज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून लोंबत होते. मग गल्ली, मग गाव. "जयवंताआक्का, जरा ताप बघून जा वं," अशी हाक आली की ती कमरेची चंची चाचपून निघायची. चंचीत सुपारीशेजारी तो जळका प्लग असायचा. नव्या सुनेच्या सासूपुढं ती तो ठेवायची आणि म्हणायची, "हुंगा. आन् मग बोला पोरीला." प्लग ऊन लागला तर एकच औषध सांगायची: मोठा पॉइंट घ्या, तवर गरम पाण्याचं बटण बंद. कुणी भिंतीला भोक पाडायला कुरकुर केली की म्हणायची, "देवांनी आमच्यात टॉवेल गुंडाळून सोसलंय. तुमच्या भिंतीला काय धाड भरली?"

एकदा तिला म्हाळसानं बोलावलं. म्हाळसा आक्काहून कडक माळकरीण, आणि तिची सून राजनंदिनी भिगवणची. सासू बाजाराला जाऊन आली तर घरात वास. आक्का उंबऱ्यातच थबकली. बसमधला तो बारीक फरक तिला आता पाठ झाला होता. चिलापी. ताजी. वरून लिंबू पिळलेली.

ती मोरीत गेली, बटण बंद केलं, प्लगाला हात लावला. गार.

म्हाळसा कमरेवर हात ठेवून उभी. "बोला आक्का. मासा का प्लग?"

स्वयंपाकघराच्या दारात राजनंदिनी उभी होती. पोर ओढणीचं टोक पिळत होती. आक्काला मोटारसायकलवर बसून गेलेली एक पाठ आठवली.

"प्लग," आक्का म्हणाली. "बदलून घे."

इंद्रजित आला, प्लग खोलला. कोरा करकरीत. त्यानं आक्काकडं बघितलं. आक्कानं त्याच्याकडं बघितलं.

"लई तापलाय," इंद्रजित म्हणाला.

तेव्हापासून म्हाळसाच्या घरचा प्लग वर्षातून दोन-तीनदा तापायचा. तेवढ्या घरात एवढे नवे प्लग बसले की गावात दुसरीकडं नसतील. राजनंदिनी मधूनच आक्काला भेटायला यायची, डब्यातून चुरमुऱ्याचे लाडू आणायची. दोघी प्लगाविषयी कधी बोलल्या नाहीत.

चैत्रातल्या एका एकादशीला आक्काचा श्वास सकाळपासून जड होता. उत्कर्षानं तिला पडायला सांगितलं, छातीला तेल चोळलं. तेवढ्यात म्हाळसाची हाक आली.

"आत्या, आज नका जाऊ. मी बघून येते," उत्कर्षा म्हणाली.

"तुला न्हाय यायचं त्ये," आक्का म्हणाली आणि काठी घेतली.

हा तिचा शेवटचा फेरा, पण त्या दिवशी ते कुणाला माहीत नव्हतं, तिलाही नाही. म्हाळसाच्या अंगणात ती एकदा टेकली, पाणी प्याली, उठली. उंबऱ्यात आली तसं तिच्या नाकानं सांगितलं: मरळ. पोरगी सुधारली होती, कोथिंबीरही घातली होती. आक्का मोरीत गेली. आधी बोर्डाचं बटण बंद केलं. मग हाताचा पालथा पंजा प्लगावर ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच राहू दिला.

"काय म्हणतोय आक्का?" म्हाळसानं मागून विचारलं.

"तापलाय गं," आक्का म्हणाली. "बदलून घे."

प्लग देवघरातल्या तांब्यासारखा गार होता.